पाकिटावरचा ‘द’

गिरगावात लग्नपत्रिका छापणारे ढीगभर असतील, पण दर्शना परबच्या नजरेतून चूक सुटली असं सांगणारा एक माणूस आणून दाखवा. निदान पाडव्यापर्यंत तरी कोणाला सापडला नसता. डिलाईल रोडच्या चाळीतली पोर, बारावी झाली आणि कमलाकांतरावांच्या प्रेसमध्ये कीबोर्डवर बसली, त्याला आता बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईकाने हाताने लिहून दिलेला मजकूर एका खाकी पाकिटात ठेवायची तिथली पद्धत. पत्रिका स्क्रीनवर वाचून झाली की दर्शना त्या पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘द’ काढायची. तो ‘द’ दिसला की मशीनवरचा जगदीश डोळे मिटून छपाईला लागायचा. अशी नजर आख्ख्या परब घराण्यात दुसऱ्या कोणाला नाही, आणि ही गोष्ट तिचा थोरला भाऊ लवू लालबागपासून लोअर परळपर्यंत सगळ्यांना ऐकवायचा.

लवूची शाळा नववीत सुटली. पण लालबागला त्याचा टी-शर्ट छपाईचा गाळा आहे, आणि रंग कापडावर कसा बसतो हे त्याला विचारायला लांबून लांबून लोक येतात. पाडव्याला त्याने बहिणीसाठी सत्तावीस इंची मॉनिटर घेतला, टॅक्सीत मांडीवर धरून आणला आणि प्रेसमधल्या तिच्या टेबलावर स्वतःच्या हाताने ठेवला. कमलाकांतरावांना म्हणाला, असा मॉनिटर वाडीत दुसरा असला तर सांगा साहेब. नव्हताच.

फक्त त्यावर सगळी अक्षरं मुंगीएवढी दिसायला लागली. दर्शनाने कॉम्प्युटरवाल्या रामदासला बोलावलं आणि सांगितलं, जुन्यावर होतं तसं करून दे. त्याने जुन्या मॉनिटरचाच रिझोल्यूशनचा आकडा नव्याला दिला, तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्ट. अक्षरं मोठी झाली, रामदास चहा पिऊन गेला.

आणि महिन्याभरात तीन चुका सुटल्या. एका पत्रिकेतला अनुस्वार गेला, एकीत ‘भ’चा ‘म’ झाला. तिसरी सगळ्यात वाईट. माहीमच्या घरतांच्या चारशे पत्रिकांवर आडनाव ‘धरत’ छापून गेलं. कीबोर्डवर घ आणि ध शेजारी शेजारी, बोट घसरतं कधी. पण घसरलेलं बोट दर्शनाच्या डोळ्यांनी पकडायचं, हाच तर बावीस वर्षांचा नेम होता. मुलाचे वडील पत्रिका घेऊन आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अहो ताई, आम्ही घरत. आम्ही कोणाला धरत नाही.”

सगळे हसले, तीसुद्धा हसली. घरत गेल्यावर कमलाकांतरावांनी तिला आत बोलावलं. पत्रिका परत छापून देऊ, त्याचं काही नाही, म्हणाले. मग चष्मा पुसत राहिले.

“दर्शना, डोळ्यांचंही वय होतं गं. माझं नाही का झालं? वाचायचं काम आता आपली नवी मुलगी करेल, श्रेया. तू पुढे काउंटरवर बस. गिऱ्हाइकांशी तू छान बोलतेस.”

रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून पाकिटांवर ‘श्रे’ दिसायला लागलं. दर्शना ठाकूरद्वारला जाऊन डोळे तपासून आली. नंबर होता तेवढाच होता. मग बिघडलंय काय, हे तिला कळेना. लवूला यातलं काही सांगितलं नाही. त्याला वाटलं असतं, बहीण मॉनिटरला नावं ठेवते.

रविवारी ती आंबोळ्यांचा डबा घेऊन लालबागला गाळ्यावर गेली. आत दोरीवर क्रिकेट टीमचे टी-शर्ट वाळत होते. चप्पल काढता काढता ती बोलून गेली, “दादा, क्रीडातली क्री दीर्घ असते. तू ऱ्हस्व काढलीस.”

लवूने टी-शर्ट बघितला, मग तिच्याकडे बघितलं. छातीवरच्या खिशाखाली बोटभर अक्षरं, ती हिने दारातून वाचली. शाब्बास, म्हणाला, कमलाकांतरावांना सांग, हे डोळे म्हणजे सोनं आहे. त्यावर दर्शनाचा बांध फुटला. सगळं सांगितलं तिने, घरत, काउंटर, डोळ्यांचा नंबर.

लवू डबा बाजूला ठेवून ऐकत होता. मॉनिटर खराब असेल असं तो मरेपर्यंत म्हणणार नव्हता, आणि बहिणीचे डोळे खराब आहेत असंही नाही. दोन्ही वस्तू आपल्या घरच्या. म्हणजे लफडं दोघांच्या मधे कुठेतरी असणार. त्याने विचारलं, अक्षराची कड कशी दिसते गो?

“ओल्या कागदावर शाई लावल्यासारखी. धच्या डोक्यावरची गाठ आणि घच्या डोक्यावरची रेघ एकमेकांसारखीच दिसते.”

“मग जाळी चुकली,” लवू म्हणाला. छपाईची जाळी ताणलेली एक चौकट उचलून त्याने उजेडात धरली. “ही बघ. हिच्यात जेवढी भोकं, तेवढ्यातूनच रंग जाणार. तुझ्या काचेत पण असे टिपके असणार, कंपनीने मोजून बसवलेले. ते कमी करायला तू कोण? जाळी आहे तशी ठेव. अक्षर मोठं पायजे तर चित्र मोठं कर.”

सोमवारी प्रेस उघडताना तो तिच्याबरोबर हजर होता. श्रेयाला विचारून दर्शना खुर्चीवर बसली आणि स्क्रीनची सेटिंग उघडली. आकड्यांच्या यादीत सगळ्यात वर पंचवीसशे साठ बाय चौदाशे चाळीस, आणि पुढे कंसात लिहिलेलं, रेकमेंडेड. बावीस वर्षं दुनियेचे कंस वाचले, हाच राहिला होता. तिने तो आकडा निवडला. अक्षरं पुन्हा मुंगीएवढी, पण कोरून काढल्यासारखी. मग त्याच पानावर अक्षरांचा आकार वाढवायची वेगळी जागा सापडली. दीडशे टक्के केलं, फार झालं. सव्वाशेवर डोळे शांत झाले.

समोर घरतांची दुरुस्त पत्रिका उघडी होती. श्रेयाने वाचलेली, घरतांनी फोनवर बघून होकार दिलेली, आत जगदीश मशीन पुसून तयार. दर्शना सवयीने वरून खाली वाचत गेली. आडनाव बरोबर. मुहूर्त बरोबर. मामांच्या नावाशी ती थांबली. तिने पाकिटातला कागद काढून ताडून बघितला.

“जगदीश, थांब जरा. रघुनाथमामांचे रधुनाथ झालेत.”

कमलाकांतराव आले, वाकून बघितलं, चष्मा वर करून परत बघितलं. आडनावाच्या गडबडीत हे घरच्या माणसांनाही दिसलं नव्हतं. श्रेया आपणहून पुढे झाली, पाकिटावरचं ‘श्रे’ खोडरबरने पुसलं आणि खुर्ची तुमचीच ताई, म्हणाली. कमलाकांतरावांनी आपल्या खिशातली पेन्सिल दर्शनापुढे धरली.

तिने ‘घ’ केला, पुन्हा एकदा वरून खाली वाचलं आणि कोपऱ्यात ‘द’ काढला.

जाताना लवूने टेबलावरचा एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “क्रीडा लिहून दे,” म्हणाला. “आणि कोपऱ्यात तुझा द काढ. गाळ्यावरची पोरं मला मानत नाहीत.”