लाईनआबांची जागा

लाईनआबांना इंग्रजी शब्द एकच येत होता आणि तेवढ्यावर त्यांनी मुंबईत तीस वर्षं काढली. गिरणीत ते लाईन जॉबर, म्हणजे मागांच्या एका रांगेचे मुकादम. तिथून तो शब्द त्यांच्या तोंडी बसला. नळावरची रांग ती लाईन, माणसाचा धंदा ती त्याची लाईन, पोरगा बिघडला की "लाईन सुटली".

मी सातवी अर्धी टाकून परळला आमच्या गावच्या गाळ्यात आलो. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुषमाणसं, पाळीप्रमाणे झोपणारी. पहिल्याच दिवशी आबांनी विचारलं, "झिला, तुझी लाईन खयची?"

"अजून कसलीच नाही."

"मगे आमच्या लाईनीत बस." जेवणाच्या पंगतीत त्यांनी सरकून आपल्या उजवीकडे जागा केली. गाळ्याचा नियम होता, कोणी गावी गेला तरी पंगतीतली त्याची जागा रिकामी ठेवायची. इतक्या माणसांत मला फार एकटं वाटे. पण ती दीड हात जागा माझी होती.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला, गोळीबार झाला. मोर्चात आबा माझा दंड धरून चालत. "लाईन सोडू नको रे मेल्या. हरावलंस तर तुझ्या आवशीक काय सांगू?" आई तिकडे जीव मुठीत धरून बसली असणार, हे मला कळत होतं. पण माझं अक्षर गिचमीड. गावचे मास्तर तिला वाचून दाखवणार नि हसणार, म्हणून मी पत्र लिहीतच नव्हतो. आबांनी कार्ड आणून पुढ्यात टाकलं.

"चार लायनी लिही. जितो आसय म्हणान."

"अक्षर घाणेरडं आहे, आबा."

"माका वाचूक येना नाय. माका बराच दिसता."

लिहिलं. आईचं उत्तर मास्तरांच्याच हातचं आलं. माझं कार्ड तिने उशाखाली ठेवलं होतं.

पुढे आबांचा खोकला वाढला. गावी निघताना म्हणाले, "माझी जागा सांभाळ, झिला." चार महिने सांभाळली. मग त्यांच्या मुलाचं कार्ड आलं, एका ओळीचं.

तेराव्यानंतर जागा भरायची असते. शेजारी मी, म्हणजे सरकायचं मीच. "सरक रे," सगळे हळूच म्हणाले. सरकलो.

आता म्हातारपणी माझ्या खोलीत एकटाच जेवतो. पाट डावीकडच्या भिंतीला चिकटवून बसलो तरी चालेल, शेजारी बसणारं कोणी नाही. तरी डावीकडे दीड हात सोडूनच बसतो.