जन्मगावाचा रकाना

जनगणनेची ड्युटी आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडायची, तशी दोन हजार एक सालीही पडली. राजुरीच्या शिवारात कांदा काढायला आलेल्या एका मजूर कुटुंबाची खोप होती. दारात बाई बसली होती, अंगाला कांद्याचा उग्र वास. तिचं नाव मी फॉर्मवर स्वतः लिहिलं, पण आता आठवत नाही.

मी पोरांची जन्मगावं विचारली. ती एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून सांगू लागली.

"ही थोरली, ओझरला. ऊसतोड चालली व्हती. ह्यो मंचरला, बटाटं काढताना. आन् ह्यो बोरीचा, वीटभट्टीवरचा."

तिसरं पोर तिथं नव्हतंच. तिचा हात मात्र चारेक वर्षांच्या पोराच्या उंचीवर हवेत थांबला होता.

"कुठंय तो?"

"बोरीलाच. म्हयन्याचा व्हता. चार वर्सं झाली, भट्टीमागच्या बांधाला पुरला."

मी म्हणालो, "जन्मगाव फक्त हयात असलेल्यांचं लिहितात." कुठं काय बोलावं याची अक्कल नव्हती मला.

तिनं हात खाली घेतला. "नगा लिहू, गुरुजी. पर आमच्यात त्यो एकटाच जलमला तितं ऱ्हायला."

आठवड्यानं फेरतपासणीला गेलो तर खोप उठलेली. ती माणसं कुठं गेली, शेताच्या मालकालाही ठाऊक नव्हतं.

एसटी बोरीवरून जाते तेव्हा मी अजून खिडकीतून बांधांकडं बघतो. त्या घरातल्या एकाच माणसाचा पत्ता माझ्याकडं आहे.