लाभ, दोन, तीन

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही: मास्तर असून भागाकार मला नीट येत नसे. दुष्काळाचं साल होतं, झरीकडची शाळा. पुस्तकातली उदाहरणं चाळीस आंब्यांची. पोरांनी त्या वर्षी कोयही पाहिली नव्हती. सुकडी वाटणाऱ्या मावशी मात्र मापटं हातात धरून विचारायच्या, "बारा मापटी, चोवीस तोंडं. कुनाला किती रे?" पोरं ओरडायची, "अर्धं!"

पहिल्या मापाला त्या एक म्हणत नसत, लाभ म्हणत. "एक म्हणलं की बरकत जाती, गुर्जी."

तपासणीच्या साहेबांनी एका पोरीला सहा मापटी मोजायला लावली. "लाभ, दोन, तीन..." ती सहापर्यंत गेली. साहेब कडाडले, "एक कुठाय? ही पाचच झाली!" सहा मापं समोरच होती. नोकरीच्या भीतीनं मी म्हणालो, "ह्या मावशींनी बिघडवलं, साहेब."

मावशींचं काम त्याच दिवशी सुटलं. मापटं पुसून माझ्या टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "उद्या पोरं इचारतील कुनाला किती, गुर्जी. सांगायला जमंल ना?"

जमलं नाही. पोरांना गणित मावशींनी शिकवलं, एवढं एक खरं वाक्य मी त्यांना अजून देणं लागतो.