टेबलाखालची तसबी

खामगावजवळच्या आमच्या शाळेत ते सत्काराला आले होते. याच शाळेत शिकलेले, कापसाच्या बियाण्यावर काम करून दिल्लीचा मोठा पुरस्कार मिळवलेले शास्त्रज्ञ. मी विज्ञान शिकवतो, म्हणून स्टेजवर माझी खुर्ची त्यांच्याशेजारी होती. टेबलाखाली त्यांच्या बोटांत तसबीचे मणी एकेक करून सरकत होते. चेहरा मात्र भाषणाकडे.

हेडमास्तर माइकवरून म्हणाले, "खरा शास्त्रज्ञ देव मानत नसतो!" टाळ्या पडल्या. मीही सवयीने वाजवल्या. शेजारची बोटं थांबली आणि तसबी हळूच कोटाच्या खिशात गेली.

शेवटी मुलांचे प्रश्न. आठवीतली एक मुलगी उठली. "सर, तुमी देव मानता का?"

त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, रुमालाने कपाळ पुसलं. "बेटा, कापसाचं विचार."

सगळे हसले. मुलगी ओशाळून खाली बसली.

गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, नव्या वाणाचं पहिलं बी पेरतानी मी बिस्मिल्ला म्हणतो. बाहेर कुठंबी सांगतो. पन इथं, आपल्याच शाळेत, हो म्हणायले जीभच उचलली नाही. त्या पोरीले सांगजा, हो म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो.

ती मुलगी रोज माझ्या तासाला पहिल्या बाकावर असते. सांगायचं म्हटलं की हेडमास्तरांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. हल्ली मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवतो.