शेषेराव सुतारांची पटाशी

शेषेराव सुतार गल्लीतल्या सत्यशीलाबाईंची खुर्ची चोरून नेताना सापडले, ही बातमी अहमदपूरच्या एसटी स्टँडवर माझ्या आधी पोचली. एवढी चांगली बातमी मला दुसऱ्याकडून कळावी, याचंच जास्त वाईट वाटलं. पण खोटी निघाली. खुर्ची त्यांनी भरदुपारी गल्लीदेखत नेली, आणि वर सत्यशीलाबाईंनाच ऐकवलं, "लई हाल केले बाई तुम्ही हिचे."

खुर्ची त्यांच्याच हातची. साठेक वर्षांपूर्वी, मिसरूड फुटायच्या वयात, ते नांदेडच्या एका कारखान्यात सागवानावर नक्षी कोरायचे. पाठीला दोन मोर, हातांना वेली, आणि खाली कारखान्याच्या मालकाच्या नावाची पितळी पट्टी. शेषेरावांचं नाव कुठंच नाही. हे दुःख आमच्या गल्लीला तोंडपाठ आहे.

त्यात माणसाला एक खोड. कुणाच्या घरी आपलं जुनं काम दिसलं की पिशवीतून लाकूड कोरायची पटाशी निघते. "हितं जरा राहिलंय." त्यांनीच केलेल्या माझ्या पलंगावरच्या हत्तीची सोंड सुधारता सुधारता त्यांनी त्याचं डुक्कर करून ठेवलं. आता ते आले की लोक खुर्च्यांवर चादरी टाकतात.

अशात पुण्याच्या उमाशंकर नावाच्या गृहस्थांनी मोबाईलवर या खुर्चीचा फोटो पाहिला, ती कुणी कोरली तेही वाचलं. त्या काळचं कोरीव फर्निचर ते जमवतात. शेषेरावांना त्यांचा फोन आला: खुर्ची प्रदर्शनात मांडू, खाली शेषेराव सुतार, अहमदपूर असं नाव लावू. फक्त तिला हात लावू नका, आहे तशीच असू द्या. शेषेरावांनी "हाव, हाव" म्हणत मान डोलावली, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची उचलली.

बातमी ऐकून मी त्यांच्या घरी पळालो. "मामा, आहे तशीच पाहिजे म्हणले ना ते?"

"गिऱ्हाईक तसंच म्हणत असतंय. संकोच असतोय त्याला."

त्यांच्या सुनेनं, आरतीनं, रंधा लपवला, कानस लपवली. पटाशी उशाखाली होती, तिथं कोण हात घालणार?

उमाशंकर आले तेव्हा खुर्ची अंगणात नव्या नवरीसारखी चकचकीत उभी. जुना काळपट रंग पार खरवडलेला, आणि उजव्या मोराची मान बोटभर बारीक. ते पायरीवरच बसले. "काका, त्या जुन्या रंगातच सगळं होतं हो. आता ही कालची खुर्ची दिसते. ही मी प्रदर्शनात कशी ठेवू, आणि तुमचं नाव तरी कुठं लावू?"

सत्यशीलाबाईंनी कपाळाला हात लावला.

आरती वैतागून म्हणाली, "मामंजी, आता तरी कबूल करा चुकलं म्हणून."

शेषेराव पटाशी धोतराला पुसत म्हणाले, "चुकलंच व्हतं. त्या मोराची मान तवाच जाड झाली व्हती. तसल्या मानेखाली मी माझं नाव लावू दिलं नसतं."