लव्हडेचा वरचा सूर

लव्हडे नॅनकिव्हेलला पोर्ट मॅरोमध्ये दोन गोष्टींसाठी सगळे ओळखत. एक तिचे केशरी पाव आणि दुसरा तिचा आवाज. रविवारी चॅपलमध्ये ती वरच्या सुरात शिरली की छपरावरचे काकाकुवे उठून थेट समुद्राच्या दिशेनं निघायचे. तिसरी गोष्ट मात्र फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला ठाऊक होती. गावातल्या सरकारी सोनं-परख कचेरीच्या पाटीवर नाव जेबेझ नॅनकिव्हेलचं असलं, तरी डोळा लव्हडेचा होता.

हा डोळा तिनं विलायतेतल्या कॉर्नवॉलमध्ये कमावला होता. बारा वर्षांची असल्यापासून ती खाणीच्या तोंडाशी बसून हातोड्यानं दगड फोडायची. विसाव्या वर्षी नुसता दगड उन्हात धरून ती सांगायची, की यात तांबं किती आणि माती किती. जेबेझ तिथलाच परख करणारा. त्यानं तिला पहिल्यांदा विचारलं ते दगडाबद्दल, दुसऱ्यांदा लग्नाबद्दल. दोघं जहाजात बसून जगाच्या दुसऱ्या टोकाला या वसाहतीत आले, इथल्या तांब्याच्या खाणीवर पंधरा वर्षं राहिले. मग शेजारच्या वसाहतीत सोनं सापडलं आणि महिनाभरात जेबेझ सोडून जवळजवळ सगळे पुरुष फावडी खांद्यावर टाकून पसार झाले. खाण बंद. गावात उरल्या बायका, बोकडं आणि पाद्री.

पुरुषांनी पाठवलेलं सोनं शिपायांच्या पहाऱ्यात गाडीनं यायला लागलं, तेव्हा सरकारनं कचेरी उघडली. सोनं वितळवायचं, कस काढायचा, लगडीवर शिक्का मारायचा. जेबेझ म्हणाला, आपण तांब्याची माणसं. लव्हडे म्हणाली, तांबं ओळखता येतं त्याला सोनं काय अनोळखी?

काम असं, की सोन्याचा कण चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवायचा आणि वाटी भट्टीत सरकवायची. शिसं वितळतं, हीण घेऊन राखेत जिरतं, आणि शेवटी वाटीत एक मोती उरतो. अगदी शेवटचं शिसं निघून जाताना तो मोती एकदाच लखकन चमकतो. परख करणारे म्हणतात, मोत्यानं डोळा उघडला. त्याच क्षणी वाटी बाहेर. घाई केली तर शिसं राहतं, उशीर केला तर सोनं झिजतं. पुढे तेजाबात उकळून चांदी काढायची आणि उरलेलं सोनं काट्यावर ठेवायचं, ते सगळं जेबेझनं झोपेतही केलं असतं. पण पंचवीस वर्षं भट्टीत बघून त्याचे डोळे भाजले होते. बाहेर उजेडात काट्याची खूण दिसायची, भट्टीच्या तोंडाशी मात्र त्याला नुसती पांढरी चादर दिसायची.

म्हणून गाणं. लव्हडे कोळसा घालायला म्हणून त्याच्या खांद्याशी उभी राहायची आणि चॅपलमधलं एखादं गीत गुणगुणायची. मोत्यानं डोळा उघडला की ती एकदम वरच्या सुरात जायची, आणि जेबेझचा चिमटा पुढे व्हायचा. दीड वर्षात एकही लगड परत आली नव्हती. लोक म्हणायचे, बाई भक्त आहे.

एका मंगळवारी कचेरी तपासायला थॅकवेल साहेब आले. राजधानीतून आलेले, उंच, काटकुळे, काखेत नियमांची वही. त्यांनी तीन पुड्या टेबलावर ठेवल्या. आतल्या सोन्याचा कस किती ते त्यांना ठाऊक, इतर कोणाला नाही. तिन्हीतल्या दोन तरी बरोबर आल्या तर कचेरी चालू, नाहीतर आजच कुलूप. मग गावातल्या बायकांनी सोनं घेऊन बंदरावरच्या दलालाकडे जायचं, म्हणजे अर्ध्या मोलात. आणि जेबेझनं काय करायचं, ते वहीत नव्हतं. आंधळ्या परखवाल्याला कोण काम देणार, हे लव्हडेला सांगायची गरज नव्हती.

तिनं कोळसा घातला, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

साहेबांनी वहीतून मान वर केली. "मिसेस नॅनकिव्हेल, ही सरकारी कचेरी आहे. इथे गाता येणार नाही."

जेबेझचा हात चिमट्यावर थबकला. लव्हडेनं ओठ मिटले. मोती फिरला, विझल्यासारखा झाला, चमकला, आणि ती नुसती बघत राहिली. जेबेझनं अंदाजानं वाटी ओढली तोवर फार उशीर झाला होता. तास-दोन तासांनी काट्यानं तेच सांगितलं. साहेबांनी एक फुली मारली.

बाहेर रस्त्यावर चाळीस बायका उन्हात बसल्या होत्या. कालच गाडी आली होती, आणि प्रत्येकीची सोन्याची पिशवी आत कपाटात होती. कोणाची जुन्या परकराची शिवलेली, कोणाची मोज्याची. खिडकीशी ऑनर चेग्विडन उभी होती, तिची पिशवी नवऱ्याच्या लग्नातल्या कोटाच्या बाहीची. तिनं साहेबांचा चेहरा पाहिला, जेबेझचा पाहिला, आणि लव्हडेला विचारलं, "काय गं, आज भट्टीत देव नाही का बोलवायचा?"

"बंदी आहे," लव्हडे म्हणाली.

"आत ना? आम्ही बाहेर आहोत."

आणि ऑनरनं सुरू केलं. तिचा आवाज म्हणजे रहाटाला तेल घातलेलं नाही असा, पण मागून एकोणचाळीस जणी आल्या, प्रत्येकीनं आपापला सूर धरला आणि रस्ताच चॅपल झाला. साहेब खिडकीपाशी गेले, परत आले. वहीत रस्त्याबद्दल काही नव्हतं.

दुसरी वाटी आत गेली. लव्हडेनं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट दाबून धरलं. बायकांना मोती थोडाच दिसत होता. त्या आपल्या तिसऱ्या कडव्यात रमल्या होत्या. वाटीतला मोती लालसर झाला, कडेनं रंग फिरले, आणि लख्ख. लव्हडेच्या तोंडून वरचा सूर निघून गेला. तिनं काढला असं नाही, तो गेला. जेबेझचा चिमटा वाटी घेऊन बाहेर आला.

या वेळी काटा केसभरही हलला नाही. साहेबांनी फुली मारली नाही. पण पेन टेबलावर ठेवलं, आणि ते जेबेझकडे न बघता लव्हडेकडे बघत राहिले.

"तिसऱ्या वेळी," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही रस्त्यावर थांबाल का?"

खोटं बोलायची संधी एवढी सोपी होती, की लव्हडेला तिची लाज वाटली. "थांबीन. पण मग तुमची पुडी वाया जाईल साहेब. हात यांचा आहे आणि डोळा माझा. एकाचं एकावाचून चालत नाही."

"लव्हडे," जेबेझ म्हणाला.

"असू दे रे. पंचवीस वर्षं भट्टीला दिलेत ते डोळे. चोरीला नाही गेले."

साहेबांनी वही उघडली. पान उलटलं, परत उलटलं, बोट ओळीवरून फिरवलं. बाहेर गाणंही थांबलं. चाळीस बायका खिडकीला अशा चिकटल्या होत्या, की कचेरीत अंधार पडला.

"नियमात लिहिलंय," साहेब म्हणाले, "परख करणाऱ्याचे दोन्ही डोळे शाबूत हवेत." त्यांनी वही मिटली. "ते कोणाच्या डोक्यात असावेत, हे लिहिलेलं नाही."

ऑनर हसली ती पहिली. मग रस्ता हसला.

"आणि गाणं?" लव्हडेनं विचारलं.

"ते जरा खालच्या पट्टीत जमलं तर बघा. माझे कान अजून सरकारी आहेत."

तिला ते कधीच जमलं नाही. तिसऱ्या मोत्यानं डोळा उघडला तेव्हा तिनं असा सूर लावला, की चॅपलच्या छपरावरचे काकाकुवे उडताना इकडच्या रस्त्यावरून दिसले. मोती अचूक होता. साहेबांनी खाली सही केली आणि दोन केशरी पाव खाल्ले, तिसरा रुमालात बांधून घेतला.

पुढे नऊ वर्षं कचेरी चालली. दर महिन्याच्या पगाराच्या यादीत जेबेझच्या नावाखाली एक ओळ असायची: लव्हडे नॅनकिव्हेल, डोळा. पहिल्यांदा ती ओळ वाचल्यावर जेबेझ कुरकुरला होता, की सरकारनं हाताला पद दिलं नाही. लव्हडेनं त्याच्या हातावर भट्टीतून काढलेली मांस-बटाट्याची पेस्टी ठेवली आणि म्हणाली, "हे घे पद. गरम आहे, जपून."