लेम्पीच्या मापाचा दस्ता

आर्वो लाहतीला अवजार आणायला एकट्याने पाठवू नये, हे सरोवराकाठच्या त्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. माणूस सज्जन, हात स्थिर, पण हार्डवेअरच्या दुकानात शिरला की हरवलाच. एक करवत घ्यायची तर सगळ्या करवतींचे दात अंगठ्याने चाचपणार, एक घेऊन घरी येणार आणि बायकोला विचारणार, "ती दुसरी बरी होती का गं?" दुसरी कुठली, ते लेम्पीने पाहिलेलंही नसायचं.

त्या वर्षीचं काम तर नाजूकच होतं. लेम्पीचे वडील नेस्टर वारले, तेव्हा त्यांची रायफल रिवाजाप्रमाणे मुलाकडे गेली. मुलगा फ्लोरिडात गोल्फ खेळतो. त्याने ती बहिणीकडे धाडून दिली. लेम्पीने मनाशी ठरवूनच टाकलं, हरणांच्या शिकारीच्या मोसमात बाबांच्या मचाणावर बाबांचीच रायफल घेऊन बसायचं. आदल्या वर्षी बसलीही. पण म्हातारा ताडमाड आणि ही त्याच्या खांद्याखालची. रायफलीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लांब पडला, खांद्यात धड रुतेना. हिने मान ताणून रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा भिडवला, बार उडाला आणि दुर्बिणीची कड भुवईत घुसली. टाके पडले. चर्चमध्ये बायका हळूच विचारायच्या, "आर्वोने हात उचलला का गं?"

"नाही हो, बाबांनी," लेम्पी म्हणायची. "मेल्यावरसुद्धा."

दस्ता कापून आखूड करायचा, एवढंच काम. करून देणारा कारागीर होता, पण त्याच्याकडे नाताळपर्यंत रांग. आर्वो म्हणाला, मी करतो. यंदा दस्ता झाला नाही, तर मचाणावर जायचंच नाही, शिकारीच्या कॅम्पवर पुरुषांसाठी रस्सा ढवळत बसेन, असं लेम्पीने बजावून ठेवलं होतं. आणि ती बोलते तसं करते.

आर्वोने सुरुवात दस्ता सोडवायच्या स्क्रूड्रायव्हरपासून केली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. घरातल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं. खाचेत वरवर बसतं, जोर लावला की निसटतं आणि स्क्रूचं डोकं चावल्यासारखं होतं. तिकडच्या शिकाऱ्यांची खोड अशी की, कॅम्पवर दुसऱ्याची रायफल हातात आली की आधी नळी बघत नाहीत, स्क्रूची डोकी बघतात. चावलेलं डोकं दिसलं की वर्षभर नाव निघतं. म्हणून खाच काठोकाठ भरेल असं सरळ टोक हवं. आर्वोने तसे स्क्रूड्रायव्हर आणले. मग बारीक दातांची करवत आणली, कारण जाड दातांनी अक्रोडाच्या लाकडाचे टवके उडतात. मग आणखी बारीक दातांची आणली. मग टवके उडूच नयेत म्हणून रेघेवर लावायची चिकटपट्टी, मग दस्ता धरायला शिकंजा, शिकंज्याच्या जबड्यांना चामडं, मग काचपेपर, मग जवसाचं तेल. शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. दस्ता मात्र होता तेवढाच लांब.

शेजारचा एल्मर रोज काही तरी निमित्त काढून डोकावायचा.

"काय आर्वो, झालं का ऑपरेशन?"

"उद्या."

"अरे बाबा, एवढ्या हत्यारांत आमच्या डॉक्टरने माझा गुडघा बदलला असता. वर चहाही पाजला असता."

मोसम तोंडावर आला. एका दुपारी लेम्पीच शेडमध्ये आली आणि दार लावून उभी राहिली.

"खरं सांग, कशाचं अडलंय?"

"करवतीचा कोन बरोबर धरणारी पेटी मिळाली, की—"

"आर्वो."

त्याने करवत खाली ठेवली. "कापलं की कापलं, लेम्पी. परत जोडता येत नाही. तुझ्या बाबांनी मला ही कधी हातात धरू दिली नाही. म्हणायचे, तू कुंपण दुरुस्त करशील आणि गाय बाहेर सोडशील."

"सोडली होतीस की."

"एकदा!"

"मग? मला तरी कुठे धरू दिली? पुसायला द्यायचे, ती वर्तमानपत्रावर ठेवून. आण ती टेप. घे माप."

त्याने स्वयंपाकघरात तिला कोपर वाकवून उभं केलं, चापापासून मोजलं आणि पेन्सिलीने रेघ मारली. दोन महिने छळणारी गोष्ट चुटकीसरशी झाली, म्हणून तो खूशही झाला. लेम्पीने रेघ बघितली, मग स्वतःच्या बाहीकडे बघितलं.

"अरे शहाण्या, नोव्हेंबरच्या बर्फात मी काय या ब्लाउजवर बसणार आहे?"

तिने खुंटीवरचा जाड लोकरी कोट चढवला, आतून दोन स्वेटर. पुन्हा माप घेतलं. रेघ चांगली बोटभर आत सरकली. आर्वोचा चेहरा उतरला. पहिल्या रेघेवर कापलं असतं, तर तिची भुवई पुन्हा फुटली असती.

"एवढं?" तो म्हणाला. "मग ही तुझ्या भावाला कधीच वापरता यायची नाही. आपल्या नातवालाही नाही."

"काप."

त्याने कापलं. करवत सरळ गेली, टवका उडाला नाही. रबराची गादी बसवून, कडा घासून, तेल लावून त्याने रायफल तिच्या हातात दिली. तिने डोळे मिटून ती खांद्याला लावली आणि मग उघडले. दुर्बिणीतलं वर्तुळ काठोकाठ उजळलेलं होतं, मान ताणायला लागली नाही. ती बराच वेळ तशीच खिडकीबाहेरच्या एल्मरच्या कोंबड्यांवर नेम धरून उभी राहिली, तेव्हा मात्र आर्वोनेच नळी हळूच वर केली.

मोसमाच्या पहिल्या संध्याकाळी ती कॅम्पवर आली. हरीण दिसलंच नव्हतं, पण भुवई शाबूत होती. एल्मरने रायफल उचलून आधी स्क्रू तपासले. नावं ठेवायला काही सापडेना. मग त्याने ती खांद्याला लावून पाहिली, तर त्याचा अंगठाच त्याच्या नाकावर आपटला.

"हे काय गं? नेस्टरच्या रायफलीचं खेळणं करून टाकलंत. माझ्यासारख्या माणसाने ही धरायची कशी?"

"धरायची नाही," लेम्पी म्हणाली आणि रायफल त्याच्या हातातून काढून घेतली. "जा, रस्सा ढवळ. खाली लागतोय."